जस्टिनियनचा प्लेग : साडेतेराशे वर्षांचे कोडे

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे तुम्ही अनुभवले असेल. जंतूंना अडवताना तिथल्या लसीकाग्रंथी सुजतात. अशाच गाठींनी इ.स. ५४२ मध्ये एक राजधानी हादरली होती.

रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग तोवर कोसळला होता. पूर्वेचा भाग, म्हणजेच बायझंटाइन साम्राज्य, सम्राट जस्टिनियनच्या हाती होता. राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. शहराचे पोट इजिप्तच्या धान्यावर भरे. ५४१ मध्ये इजिप्तच्या पेलुसियम बंदरात साथ दिसली आणि पुढच्या वर्षी ती राजधानीत पोहोचली. धान्याच्या जहाजांतून उंदीर आणि त्यांच्या पिसवाही आल्या असाव्यात.

इतिहासकार प्रोकोपियस तेव्हा शहरातच होता. त्याचे वर्णन एखाद्या केसपेपरसारखे आहे. सुरुवातीचा ताप इतका सौम्य, की रुग्णाला किंवा वैद्याला धोका वाटतच नसे. मग जांघेत, काखेत, कानाजवळ गाठ येई. कुणी गुंगीत जाई, कुणी बरळू लागे. गाठ पिकून पू झाला, तर रुग्ण बहुधा वाचे. खुद्द सम्राटालाही गाठ आली होती, तो वाचला.

प्रोकोपियसला एक गोष्ट मात्र उलगडली नाही. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना आणि प्रेते पुरणाऱ्यांना त्यांच्या स्पर्शाने रोग होत नव्हता. उलट, रुग्णाजवळ न गेलेली माणसे मरत होती. असे का?

१८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला. १८९६ मध्ये तीच साथ मुंबईत आली. १८९८ मध्ये कराचीत सिमाँ यांनी प्रयोग करून दाखवले, की रोग पसरवते ती उंदरावरची पिसू. गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला होतच नाही! फुफ्फुसांचा प्लेग मात्र खोकल्यातून पसरतो. अलीकडे जर्मनीतील सहाव्या शतकातल्या सांगाड्यांच्या दातांतही याच जंतूचा डीएनए सापडला.

प्रोकोपियसला कारण ठाऊक नव्हते, पण जे दिसले ते त्याने जसेच्या तसे लिहिले. तुम्हीही डॉक्टरांकडे जाल तेव्हा तेच करा. ताप कधी आला, गाठ कुठे आली, घरात आणखी कोण आजारी आहे, हे नीट सांगा. आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत; पण ती लवकर मिळाली तरच जीव वाचतो.