आयातित व देशी साखरेची स्वतंत्र साठवण

परदेशातून आणलेली साखर आणि देशातल्या उसाची साखर यांचे साठे व हिशेब वेगळे ठेवण्याची शासकीय व्यवस्था. भारतात ती एकाच कायद्यात बांधलेली नाही; सीमाशुल्क, परकीय व्यापार आणि साखर नियंत्रण या तिन्हींच्या तरतुदींतून ती उभी राहते.

ब्राझीलची कच्ची साखर शुद्ध केली की तिचा दाणा कोल्हापूरच्या दाण्यापासून नजरेने वेगळा काढता येत नाही. त्यामुळे फरक टिकवायचा तो गोदामात आणि नोंदवहीतच.

सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार शुल्क न भरता उतरवलेला माल परवानाधारक बंधित गोदामात ठेवता येतो. शुल्क भरल्याशिवाय किंवा निर्यातीची परवानगी मिळाल्याशिवाय तो बाहेर निघत नाही. कलम ६५ खाली अशा गोदामात परवानगीने प्रक्रियाही करता येते.

निर्यातीच्या अटीवर शुल्कमुक्त आणलेल्या कच्च्या साखरेचे दोन प्रकार पडतात. आणलेल्या साखरेपासून बनलेलीच साखर परत पाठवायची अट असेल, तर तिची थप्पी शेवटपर्यंत वेगळी राखावी लागते. ‘टनास टन’ सवलतीत तेवढ्याच वजनाची देशी साखर निर्यात केली तरी चालते. तुटवड्याच्या काळात, फेब्रुवारी २००९ मध्ये, केंद्राने ही सवलत दिली. एप्रिलमध्ये निर्यातीच्या अटीशिवायही कच्च्या साखरेची शुल्कमुक्त आयात खुली केली.

तेव्हा देशी साखरेवर लेव्ही होती, म्हणजे कारखान्यांना उत्पादनाचा ठरावीक वाटा रेशनसाठी सरकारला द्यावा लागे. २००९-१० च्या हंगामात ती १० वरून २० टक्क्यांवर नेली गेली. आयात कच्च्या साखरेपासून बनलेली साखर मात्र लेव्हीमुक्त होती. दोन्ही एकत्र झाल्या असत्या, तर रेशनच्या वाट्याची साखर मोजायची कशी? नोव्हेंबर २००९ मध्ये ऊस उत्पादकांच्या आंदोलनानंतर उत्तर प्रदेशाने आयात कच्च्या साखरेवरील प्रक्रिया रोखली आणि तिथल्या कारखान्यांचा माल कांडला बंदरात अडकला.

महाराष्ट्रातल्या कारखान्यांत देशी साठ्याला आणखी एक अर्थ आहे. पन्नास किलोच्या पोत्यावर कारखान्याचे नाव, हंगाम आणि एस-३० वा एम-३० ही प्रत छापलेली असते. याच पोत्यांवर बँका माल तारण कर्ज देतात आणि त्यातून उसाची बिले निघतात. तारण साठ्यात परका माल मिसळू न देणे हे शेतकऱ्याच्या पैशाचेही रक्षण आहे.

लेव्ही २०१३ मध्ये संपली. साखरेवरील आयातशुल्क जुलै २०१७ मध्ये ५० टक्के आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये १०० टक्के झाले. तेव्हापासून आयात मुख्यतः शुद्ध करून पुन्हा निर्यात करण्यासाठी होते आणि वेगळ्या साठ्याचा भार बंदराजवळच्या शुद्धीकरण कारखान्यांवर अधिक पडतो.