रेझीन-प्रदूषकांचे विघटन करणारे जीवाणू

बेकेलाइट, पॉलिएस्टर, इपॉक्सी यांसारखी रेझिने तयार करताना फिनॉल, फॉर्माल्डिहाइड, स्टायरीन, थॅलेट अशी द्रव्ये सांडपाण्यात उतरतात. त्यांवर जगणारे जीवाणू या गटात येतात. तयार प्लॅस्टिक पचवणारे जीवाणू वेगळे. 2016 मध्ये जपानी संशोधकांनी जाहीर केलेला इडिओनेला साकायेन्सिस पेट-प्लॅस्टिकवर वाढतो. सांडपाण्यातील जीवाणूंचे काम मात्र विरघळलेल्या लहान रेणूंवर चालते.

सांडपाण्यातील या जीवाणूंपैकी स्यूडोमोनास पुटिडाचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. ऱ्होडोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर, बॅसिलस यांच्याही काही जाती हे काम करतात. फिनॉलला ऑक्सिजन जोडून जीवाणू आधी कॅटेकॉल बनवतो, मग त्याचे कडे तोडतो. तोडण्याच्या दोन रीतींपैकी एकीत पिवळे संयुग तयार होते. म्हणून प्रयोगशाळेतील बशीत वाढवलेल्या जीवाणू-वसाहतींवर कॅटेकॉलचा फवारा मारला, की ती रीत वापरणाऱ्या वसाहती पिवळ्याधमक होतात. पुढचे तुकडे पेशीच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात जातात. फॉर्माल्डिहाइडचे फॉर्मिक आम्ल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो.

फिनॉल मुळात जंतुनाशक आहे. थोडे असेल तर या जीवाणूंचे अन्न, मात्रा वाढली की विष. म्हणून त्यांना हळूहळू सवय लावावी लागते. सांडपाणी शुद्ध करणारी वायुवीजन टाकी सुरू करताना बियाणे म्हणून शेण किंवा चालू केंद्रातील गाळ घालतात. नत्र-स्फुरदासाठी युरिया व डीएपी देतात. रोज टाकीतले लिटरभर पाणी मापनळीत घेऊन अर्ध्या तासात गाळ किती बसतो ते पाहतात. तपकिरी, मातकट वासाचा, नीट बसणारा गाळ म्हणजे जीवाणू ठणठणीत. एखाद्या रात्री तीव्र सांडपाणी एकदम आले, की तोच गाळ फुटून गढूळ वर येतो आणि टाकी पूर्ववत व्हायला कित्येक दिवस लागतात.

अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखान्यांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. अनेक कारखान्यांचे पाणी एकत्र येत असल्याने त्याची घडण सतत बदलते, आणि जीवाणूंना हेच सर्वांत जड जाते. टाकीला बगल देऊन ओतलेल्या रसायनांवर तर त्यांचा काहीच इलाज चालत नाही. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात शिरणाऱ्या वालधुनी नदीत नोव्हेंबर 2014 मध्ये घातक रसायन सोडले गेले. त्याच्या वायूने शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये डोंबिवली, अंबरनाथ व बदलापूरची प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक नगरसंस्था यांना एकूण सुमारे 95 कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

नदीत सोडायच्या सांडपाण्यात फिनॉलवर्गीय संयुगांची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, पिण्याच्या पाण्यात 0.001 मिलिग्रॅम. ही दुसरी मर्यादा एवढी कडक असण्याचे कारण क्लोरीन: शुद्धीकरणात फिनॉलचा त्याच्याशी संयोग होऊन बनणारी क्लोरोफिनॉले अत्यल्प प्रमाणातही पाण्याला औषधी वास आणि चव आणतात. उल्हास नदी पिण्याच्या पाण्याचा स्रोत असल्याने हा मुद्दा येथे थेट घराघरांतल्या नळाशी येऊन भिडतो.