रुग्णालयातला किरणोत्सारी कचरा जातो कुठे? त्यावर नजर कोणाची?

किरणोत्सारी कचरा म्हटले की आपल्याला अणुभट्टी आठवते. पण तो रुग्णालयांतही तयार होतो. पारोळ्याहून एखादा रुग्ण थायरॉइड कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला गेला, तर त्याला किरणोत्सारी आयोडीन दिले जाऊ शकते. त्यानंतर उरलेल्या सिरिंज, हातमोजे, कापूस आणि रुग्णाच्या लघवीतही किरणोत्सार असतो. या कचऱ्याचे पुढे काय होते?

कमी तीव्रतेचा कचरा म्हणजे काय?

ज्या कचऱ्यात किरणोत्सारी द्रव्याचे प्रमाण थोडे असते, तो हा कचरा. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमुळे असा कचरा होत नाही. ते यंत्र बंद केले की किरणेही थांबतात.

तो साठवतात का?

कारण थांबणे हाच इथे मोठा उपाय आहे. आयोडीन-131चा अर्धायुष्यकाल सुमारे 8 दिवस आहे, म्हणजे दर 8 दिवसांनी किरणोत्सार निम्मा होतो. 80 दिवसांत तो साधारण हजारावा भाग उरतो. स्कॅनसाठी वापरले जाणारे टेक्नेशियम-99एम तर दर 6 तासांनी निम्मे होते. म्हणून असा कचरा बंद खोलीत, तारीख लिहून ठेवतात. मोठा डोस दिलेल्या रुग्णांचे सांडपाणी खास टाक्यांत अडवतात आणि पातळी उतरल्यावरच सोडतात.

अणुवीज केंद्रांचा कमी तीव्रतेचा घनकचरा मात्र जास्त काळ सांभाळावा लागतो. तारापूरसारख्या केंद्रांच्या आवारातच दगडी किंवा काँक्रीटच्या चरांमध्ये तो पुरतात आणि आसपासचे भूजल तपासत राहतात.

देखरेख कोणाची?

अमेरिकेत 1980च्या कायद्याने कमी तीव्रतेच्या कचऱ्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. आपल्याकडे अणुऊर्जा हा केंद्राचा विषय आहे. परवाना आणि तपासणीचे काम मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळ (एईआरबी) करते. ते 15 नोव्हेंबर 1983 रोजी स्थापन झाले. अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी 1987 मध्ये स्वतंत्र नियम आले. रुग्णालयाच्या इतर कचऱ्यावर राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ लक्ष ठेवते, पण 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतून किरणोत्सारी कचरा वगळलेला आहे.

मग धोका कुठे आहे?

विसरलेल्या स्रोतात. कॅन्सर उपचार, कारखान्यांतील तपासणी, लासलगावला कांद्यावर होणारी विकिरण प्रक्रिया यांसाठी कोबाल्ट-60सारखे बंद स्रोत वापरतात. कोबाल्ट-60 निम्मे व्हायलाच सव्वापाच वर्षे लागतात. त्यामुळे काम संपलेला स्रोतही घातक असू शकतो. तो पुरवठादाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडेच परत जायला हवा.

दिल्लीत ही साखळी तुटली. दिल्ली विद्यापीठातील अनेक वर्षे पडून असलेले एक उपकरण 2010 मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले आणि आतले कोबाल्ट-60 बाहेर आले. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर काही जण गंभीर आजारी पडले.

2012च्या अहवालात कॅगने याच जागेवर बोट ठेवले. वापरून झालेल्या स्रोतांची खरोखर विल्हेवाट लागली का, हे पडताळण्याची पुरेशी व्यवस्था नियामक मंडळाकडे नव्हती. वैद्यकीय एक्स-रेवर लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सांगितले होते. जुलै 2012 पर्यंत ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये होते.

पारोळ्यात हे का माहीत हवे?

पारोळा धुळे-जळगाव महामार्गावर आहे. भंगार याच रस्त्यांवरून फिरते आणि कागदावरची नोंद चुकली, तर स्रोत शेवटी भंगारवाल्याच्याच हाती पडतो. म्हणून एवढे लक्षात ठेवा:

- पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांसारखे चिन्ह दिसले, तर वस्तूला हात लावू नका.
- आकाराच्या मानाने फार जड असलेला, शिशाचा वाटणारा डबा कापू किंवा वितळवू नका.
- लांब व्हा, इतरांना दूर ठेवा आणि 112 वर कळवा.
- वस्तूला हात लागला असेल, तर हात साबणाने धुवा आणि डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. मायापुरीत आजाराचे कारण सुरुवातीला लक्षातच आले नव्हते.