पेव, कणगी आणि निळा ड्रम

'इंजिनिअरिंग कॉलेजांचं पेव फुटलं' असं आपण सहज म्हणतो. पण पेव म्हणजे काय, हे ऑफिसात चौघांना विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं! आमचं मूळ गाव साखरखेर्डा, जिल्हा बुलढाणा. तिथे आजीने सांगितलं म्हणून कळलं.

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं भुयार. वरून तोंड बंद केलं की शेजारून जाणाऱ्यालाही पत्ता लागू नये. याच साखरखेर्ड्याला ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवून ठार केलं. हैदराबादच्या निजामशाहीचा पाया इथे घातला गेला. विजयानंतर गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं, पण लोकांच्या तोंडी ते टिकलं नाही. असो. फौजा येणार-जाणार अशा मुलखात धान्य जमिनीखाली का ठेवायचे, हे वेगळं सांगायला नको.

पण पेवात ठेवायचं ते खायचं धान्य. आत दाणे आणि किडे श्वास घेतात, प्राणवायू संपतो आणि किडे मरतात. म्हणून तर पेव उघडल्याबरोबर माणूस आत उतरत नाही, गुदमरायची भीती असते. मात्र ओल आणि ऊब यांनी ज्वारीची उगवणशक्तीही जाते. भाकरीला चालेल, पेरायला नाही.

बियाण्याची सोय वेगळी. निवडलेली कणसं टांगून ठेवायची, नाहीतर खडखडीत वाळवलेलं बी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात किंवा शेणमातीने लिंपलेल्या कणगीत. कारण बी जिवंत असतं.

याचं गणित जे. एफ. हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात मांडलं. साधारण ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या दरम्यान, ओलावा एक टक्क्याने कमी केला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं. तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरलं तरी दुप्पट.

आता आमच्या काकांची गोष्ट. एका वर्षी त्यांनी घरचं सोयाबीन बियाण्यासाठी निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये घट्ट झाकून ठेवलं. उंदीर नको, कीड नको. मृगात उघडलं तर कुबट वास. पेरलं, पण निम्मंसुद्धा उगवलं नाही. दुबार पेरणीसाठी काकूंची पाटली गहाण पडली.

चुकलं काय? भारतातल्या बीज प्रमाणीकरणाच्या नियमांत उत्तर आहे. सोयाबीनला साध्या पिशवीत १२ टक्के ओलावा चालतो, पण हवाबंद डब्यात फक्त ७. पोतं श्वास घेतं. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातलं बी आणखी वाळतं. (पावसाळ्यात तेच पोतं ओल ओढतं, हेही खरं.) ड्रम जे आत आहे ते कोंडून ठेवतो. बी ओलसर असेल तर ओलसुद्धा!

त्यात सोयाबीनचं साल पातळ आणि अंकुर सालीलगतच. पोतं आपटलं, थप्पी उंच लावली तरी इजा होते. ज्वारीवर घडलेलं आजीचं शहाणपण विदर्भात १९८० नंतर पसरलेल्या या पिकाला तसंच्या तसं कसं पुरणार?

हे एकट्या काकांचं दुखणं नव्हे. २०१९ च्या परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं आणि २०२० च्या खरिपात महाराष्ट्रभर बी न उगवल्याच्या तक्रारी आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला जाण्याआधी टेस्टिंग हवं :-) आणि टेस्ट फुकट आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, आठवड्याने मोजा. सत्तर उगवले तर पेरा. कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा, फारच कमी असतील तर बियाणं बदला.

काका आता दर मे महिन्यात हे करतात. निळा ड्रम अजून आहे. त्यात पाणी भरतात.