आपला फोटो आपणच

हल्ली संभाजीनगरात बीबी का मकबरा बघायला जावं, तर मकबऱ्याकडे पाठ करून उभी असलेली माणसंच जास्त दिसतात. हातभर लांब धरलेला फोन, तिरपी मान, ओठांचा चंबू! जुनी मंडळी नाकं मुरडतात. मला मात्र या हौसेमागं मोठा इतिहास दिसतो.

२८ एप्रिल १८१९ ही तारीख घ्या. जॉन स्मिथ नावाचा गोरा अधिकारी शिकारीच्या नादात अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोचला. दहाव्या लेण्यात शिरून यानं काय करावं? प्राचीन चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली! त्याच्याजवळ फोन असता, तर चित्र तरी वाचलं असतं.

पुढं वीस वर्षांनी, १८३९ साली, फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसनं आपला फोटो आपणच काढला. केस विस्कटलेले तसेच ठेवून गडी कॅमेऱ्यासमोर पुतळ्यासारखा थांबला. १८४० साली फ्रान्सच्या इपोलित बायारनं तर कमालच केली. फोटोची युक्ती त्यालाही सापडली होती, पण मान गेला दागेरला. म्हणून यानं बुडून मेलेल्या माणसाचं सोंग घेऊन स्वतःचा फोटो काढला. रुसण्याची ही तऱ्हा आपल्याकडच्या जावयांनाही सुचली नसती!

कॅमेऱ्यामागं राहणाऱ्यांचं काय? रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याची चित्रं उतरवायला आला आणि पुढं फोटोही काढू लागला. १८६४ च्या पुस्तकात त्यानं काढलेले ७४ फोटो आहेत. लेणी जगानं पाहिली. गिलसाहेबांचा चेहरा कितीजणांना ठाऊक आहे?

आमच्या नानांचीही तीच गत. घरात अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, रोलला फोटो बाराच. त्यांत आई, आत्या, आम्ही भावंडं, झालंच तर शेजारचा बंडूसुद्धा. नाना कुठंच नाहीत. स्वतःवर एक फोटो खर्च करणं ही त्यांच्या लेखी उधळपट्टी! "सूर्य पाठीशी हवा," एवढा एक मंत्र मात्र ते कसोशीनं पाळत.

परवा नात जुना अल्बम चाळत होती. १९७४ च्या दिवाळीतला, तेव्हाच्या औरंगाबादेतला, मकबऱ्यासमोरचा फोटो निघाला.

"आजोबा, यात पणजोबा कुठले?"

आमच्या पायांपर्यंत एक लांबलचक, टोपीवाली सावली आली होती. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"हे काय, सगळ्यांच्या पुढं!"