जुना मालक तुमच्याबद्दल काय सांगू शकतो, काय नाही?

इंटरव्ह्यू चांगला झाला, पगारही ठरला आणि आठवड्याने फोन येतो, ‘सॉरी, तुमच्या जुन्या कंपनीकडून रिपोर्ट बरोबर आला नाही.’ काय रिपोर्ट आला, कोणी दिला, कोणी सांगत नाही. भिवंडीच्या गोदामातला सुपरवायझर असो की पुण्यात कॉल सेंटरला काम करणारी मुलगी, ही वेळ कुणावरही येऊ शकते. म्हणून याबाबत कायदा काय म्हणतो ते आम्ही इथे देत आहोत.

आधी एक गैरसमज. ‘जुनी कंपनी फक्त तारखा आणि हुद्दा सांगू शकते, बाकी काही नाही,’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. भारतात असा कायदा नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या तेवढंच सांगतात, पण तो त्यांचा स्वतःचा नियम आहे, कोर्टकचेरी टाळण्यासाठी घालून घेतलेला.

मालकाच्या तोंडाला खरा लगाम आहे तो बदनामीच्या कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. पण याच कलमात मालकांची ढालही आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने सांगितलेली गोष्ट बदनामी ठरत नाही. नव्या कंपनीने हजेरीबद्दल विचारलं आणि जुन्या मॅनेजरने रजिस्टर बघून सांगितलं की हा तीन महिन्यांत वीस दिवस न सांगता गैरहजर होता, तर ते कायदेशीर आहे. कितीही झोंबलं तरी.

मात्र ‘चोरी करायचा’ असं कुणी फोनवर सांगून टाकलं आणि त्यामागे ना चौकशी, ना मेमो, ना पोलीस तक्रार, तर सद्भावना कुठली? योग्य काळजी न घेता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानत नाही. नोटीस पिरियडवरून भांडण झालं म्हणून राग काढणं यातच आलं.

काही गोष्टी तर खऱ्या असल्या तरी बोलता येत नाहीत. एचआयव्हीबाबतची माहिती २०१७ च्या कायद्याने संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. अपवाद मोजके आहेत आणि रेफरन्स चेक त्यांत येत नाही. आजारपण, वैद्यकीय कागद, बोटांचे ठसे, बँक खात्याचा तपशील कंपनीच्या संगणकात असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांप्रमाणे तो दुसऱ्याला देण्याआधी तुमची परवानगी लागते, करारात आधीच मान्य केलं नसेल तर. लैंगिक छळाची तक्रार केलेल्या बाईचं नाव आणि चौकशीतला मजकूर जाहीर करायला २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ ने मनाई केली आहे. ‘ती तक्रारी करणारी आहे’ असं कुजबुजणारे ऑफिसात असतातच. आमच्या मते सगळ्यात घातक रेफरन्स हाच, आणि अशा बाईने गप्प बसू नये, वकिलाला भेटावं.

आता आपली चूक. जॉइनिंगच्या वेळी एचआर जो व्हेरिफिकेशनचा फॉर्म पुढे सरकवतो, त्यावर आपण न वाचता सही करतो. तीच आपली परवानगी असते. कोणाला विचारणार, काय विचारणार, हे त्यात लिहिलेलं असतं. दोन मिनिटं लागली तरी वाचा, आणि फोटो काढून ठेवा.

आखातात जाणाऱ्या आपल्या कोकणातल्या भावांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात (क्रमांक ३३) हे स्पष्ट लिहिलं आहे: नोकरी संपल्यावर मागितलं तर मालकाने अनुभवाचा दाखला फुकट द्यायचा, आणि त्यात कामगाराचं नाव खराब होईल किंवा पुढचं काम मिळणं कठीण होईल असं काही लिहायचं नाही. विमानात बसण्याआधी तो हातात घ्या. मुंबईहून ईमेल करून मागवणं फार जड जातं.

इथेही रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशीच मागा. पीएफ असेल तर युएएन पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख नोंदली का ते बघा. मालकाने नोंदली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. ही तारीख राहिली की एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखं दिसतं, आणि मग दोष मात्र जुन्या साहेबाला लागतो.

खरोखरच खोटं सांगितलं गेलं असेल तर नव्या कंपनीकडून नकाराचं कारण ईमेलवर मागा. द्यायला त्या बांधील नाहीत, पण काही देतात, आणि तोच पुरावा. जुन्या कंपनीला आधी वकिलाची नोटीस पाठवा. पोलीस ठाण्यात खेटे मारू नका, बदनामीची फौजदारी तक्रार थेट मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा असेल तर मुदत फक्त एक वर्षाची आहे.