आधी दंगा, मग दुष्काळ

हवामान आणि संघर्ष या विषयावर संशोधन करायचं ठरवलंत की पहिल्या काही आठवड्यांतच एक पेपर तुमच्या हातात पडेल. २०११ साली ‘नेचर’मध्ये आलेला, सॉलोमन शियांग, काइल मेंग आणि मार्क केन यांचा. १९५० ते २००४ या काळात उष्ण कटिबंधातल्या देशांत एल निनोच्या वर्षी नवा अंतर्गत संघर्ष पेटण्याची शक्यता ला निनाच्या वर्षाच्या दुप्पट होती, असा त्यांचा निष्कर्ष. पेपर चांगला आहे, वाचाच. पण तो वाचून लगेच ‘पाऊस कमी, म्हणून दंगे जास्त’ असं गृहीतक सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. त्याआधी पुणे जिल्ह्यातली एक तारीख बघा : १२ मे १८७५.

त्या दिवशी सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. (हे बारामती तालुक्यातलं सुपे. पारनेरचं सुपा वेगळं; नकाशावर ठिपका टाकताना जपून.) त्यांना हवे होते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. हाती आल्या की जागच्या जागी जाळायच्या. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरंही पेटली. पण माणसांच्या अंगावर जाण्याचे प्रकार त्या मानाने थोडे. पुढच्या दोनेक महिन्यांत हे लोण नगर जिल्ह्यात गेलं, तीसहून जास्त गावं त्यात आली, ९५१ जणांना अटक झाली. आणि हे अचानक पेटलेलं नव्हतं. आदल्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करड्यात एका सावकाराने हुकूमनामा मिळवून कर्जदाराचं घर पाडलं, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला होता. बहिष्कार आधी, आग नंतर.

आता पाऊस. पुण्याच्या आयआयटीएमची पावसाची प्रसिद्ध मालिका १८७१ पासून सुरू होते, म्हणजे आपलं नशीब चांगलं. अखिल भारतीय आकड्यांत १८७४ आणि १८७५ ही दुष्काळाची सालं नाहीत. दख्खनमध्ये पावसाने दगा दिला तो १८७६ ला. देशपातळीवरचा सर्वांत खोल खड्डा तर १८७७ चा आहे, त्या भीषण एल निनोचा. म्हणजे दंगा आधी, दुष्काळ वर्षभराने. शिवाय देशाची सरासरी घेतलीत तर दख्खनचं संकटाचं सालही एका वर्षाने पुढे सरकतं. विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांना ही स्केलची भानगड कळते, पण मॉडेल चालवण्याच्या घाईत आपण ती विसरतो.

मग पेटवलं कशाने? अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, ब्रिटनच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबई इलाख्यात कापसाखालचं क्षेत्र १८६० ते १८६४ मध्ये दुप्पट झालं. सावकार पैसे घेऊन दारात उभे. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, उधारी आटली. त्याच सुमारास नव्या जमाबंदीने शेतसारा वाढवला, काही ठिकाणी ५० ते १०० टक्के. आणि १८५९ चा मुदतीचा कायदा! कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, हा नियम कुळाच्या भल्यासाठी केलेला. सावकारांनी दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची पद्धत पाडली. रागाचं लक्ष्य कागद का होता, हे इथे कळतं.

खरा दुष्काळ आला तेव्हा लोक गप्प बसले असंही नाही. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरची मजुरी खाली आणली : पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडली, सरळ संप केला. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी होती आणि गावोगावची दुष्काळाची हकिगत लिहून सरकारला धाडत होती. २० एप्रिल १८७७ ला सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात सत्यशोधकांचं मदतकार्य आहे, आणि दंगे होत असल्याचा उल्लेखही आहे. एकाच पत्रात दोन्ही. तुम्ही याला ‘संघर्ष’ या रकान्यात टाकाल की ‘लवचीकता’ या? मला विचाराल तर हे दोन रकाने वेगळे करणं हीच पंचाईत आहे. संप म्हणजे तगून राहण्याचीच धडपड होती. शियांग वगैरेंच्या विश्लेषणात संघर्ष मोजायला वर्षाला किमान २५ मृत्यूंची अट आहे, तेही सरकार आणि संघटित गट यांच्या लढाईतले. सुपे त्या जाळ्यातून सुटतं, टेंपलविरुद्धचा संपही सुटतो.

सरकारने दंग्यांची चौकशी केली, अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. शेतसाऱ्याची पातळी हे दंग्याचं कारण आहे का, हे तपासायला आयोगाला खास सांगितलं होतं. उत्तर आलं : नाही, दोष सावकारांचा. पाठोपाठ १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांत कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासता येऊ लागला. सारा मात्र बाजूलाच राहिला.

हा अहवाल वाचायला घ्याल तेव्हा निष्कर्षाचं प्रकरण शेवटी ठेवा. आधी शेतकरी, सावकार आणि पाहणाऱ्यांचे जबाब, मग सारा, भाव आणि व्याजाचे तक्ते वाचा. पावसाची मालिका बाजूच्या खिडकीत उघडी असू द्या, पण वर्षवार नव्हे, महिनेवार. सुप्याचा बाजार मे महिन्यात पेटला होता, मॉन्सून यायच्या आधी.